नव्याचे नऊ, परतीचे सात

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आजीच्या काळातली. फोनच्या बाबतीत मात्र तिच्यात एक गोची आहे. ऑनलाइन घेतलेला फोन खराब निघाला, तर तो बदलून मागायची मुदत बऱ्याच ठिकाणी सात दिवसांचीच असते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणजे नवलाई उतरायला अजून दोन दिवस बाकी असतात आणि तुमच्या हातातला हक्क तोवर संपलेला असतो. फोन विकणाऱ्यांना हे गणित चांगलं ठाऊक आहे. घेणाऱ्यांनाही असावं, म्हणून आजचा हा विषय.

सेल संपले की कॉलेजच्या कट्ट्यावर नवे फोन दिसायला लागतात. कुणी दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेला असतो, कुणी स्कॉलरशिपच्या पैशातून, कुणाला बारावीच्या टक्क्यांचं बक्षीस म्हणून मिळालेला असतो. आठवडाभरात सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘काय रे, कसाय फोन?’ आणि उत्तरही ठरलेलं, ‘भारी!’ डिस्प्ले भारी, कॅमेरा भारी, स्पीड तर विचारूच नका. दोस्तांनो, राग मानू नका, पण हे उत्तर म्हणजे परीक्षा न घेताच डिस्टिंक्शन देऊन टाकण्यासारखं आहे.

असं का, ते बघा. पहिल्या आठवड्यात आपल्याला जे आवडतं, ते जवळपास प्रत्येक नव्या फोनमध्ये असतं. स्टोरेज रिकामं असतं, ॲप्स मोजकी असतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले हजारो गुड मॉर्निंग अजून साठलेले नसतात. फोन पळणारच. स्क्रीनवर एक ओरखडा नसतो. बॅटरी ताजी असते. शिवाय आपण तुलना करतो ती चार वर्षं वापरून दमलेल्या, कोपऱ्यात तडा गेलेल्या जुन्या फोनशी. त्याच्यासमोर कुठलाही फोन हिरोच वाटेल. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या फोनपेक्षा हा बरा आहे का, हा खरा प्रश्न आहे आणि तो त्या आठवड्यात कुणी विचारतच नाही.

मग मोठमोठे आकडे मदतीला येतात. कॅमेरा ‘५० मेगापिक्सेल’चा, पण फोटोची माहिती उघडून बघा. बहुतेक वेळा तो साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचा निघतो, कारण असे कॅमेरे शेजारशेजारचे चार पिक्सेल जोडून एक करतात. यात फसवणूक नाही. कमी उजेडात त्याने फोटो चांगला येतो. पण आकडा बघून भुललेल्याला हे कुणी सांगत नाही. ‘१२० हर्ट्झ’ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १२० वेळा बदलू शकतं. रील सरकवताना ते लोण्यासारखं मऊ वाटतं आणि त्यासाठी बॅटरी जरा जास्त खर्च होते. आकडा वाईट नाही, पण तुमचा दिवस त्या आकड्यावर चालत नाही. तो चालतो सकाळच्या लोकलवर, एसटीवर, लायब्ररीतल्या एकमेव प्लगवर आणि हॉस्टेलच्या मरतुकड्या नेटवर्कवर.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. पहिला आठवडा फोन मिरवायचा नाही, तपासायचा आहे. या सात दिवसांत तुम्ही ग्राहक म्हणून जितके ताकदवान असता, तितके नंतर कधीच नसता.

सुरुवात पहिल्याच दिवशी करा. फोनवर *#०६# डायल केलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो पंधरा आकडी असतो आणि दोन सिमच्या फोनला दोन असतात. हा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन खरा आहे की चोरीचा किंवा बनावट, हे सरकारी नोंदीतून कळतं. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरही हीच सोय आहे. सेकंडहँड फोन घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधी दुकानात उभं राहूनच हे करावं. मनीष मार्केट असो, बुधवार पेठ असो की सीताबर्डी, चांगला दुकानदार यावर चिडत नाही. जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पुढचा पेपर नेटवर्कचा. फोनचा सगळ्यात जुना उपयोग म्हणजे बोलणं आणि नेमकं तेच तपासायचं राहून जातं. घरातल्या आतल्या खोलीतून, वर्गाच्या शेवटच्या बाकावरून, चालत्या बसमधून कॉल करून बघा. दोन्ही सिम लावून बघा. बोलताना फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते का? नाही झाली, तर तुमच्या गालाने कॉल कट होत राहणार. समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत नाही ना? आपल्या गावाकडच्या घरी शनिवार-रविवारी जाणार असाल, तर तिथेही बघा. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूवाल्याने फोन त्याच्या स्टुडिओत तपासलेला असतो, तुमच्या चिपळूणच्या घाटात नाही.

बॅटरीबद्दल थोडा धीर धरा. पहिले दोन-तीन दिवस फोन जुना डेटा ओढत असतो, ॲप्स अपडेट करत असतो, हजारो फोटो चाळून त्यांची वर्गवारी करत असतो. त्यामुळे तेव्हाची बॅटरी बघून ना खूश व्हायचं, ना निराश. चौथ्या दिवसापासून खरा हिशोब धरा. सकाळी शंभर टक्के करून निघा. नेहमीसारखं कॉलेज करा, हॉटस्पॉट द्या, पीडीएफ वाचा, परतीच्या प्रवासात मॅच बघा. रात्री घरी येईपर्यंत किती उरली, ते लिहून ठेवा. सलग तीन दिवसांचे आकडे हातात असले, की ‘बॅटरी लवकर संपते हो’ या तक्रारीला वजन येतं.

उन्हाचंही तसंच. नागपूर-चंद्रपूरच्या मित्रमैत्रिणींना हे सांगायला नको. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. अर्धा तास व्हिडिओ कॉल करा किंवा हॉटस्पॉट चालू ठेवून बघा. थोडा कोमट झाला तर ठीक. हातात धरवत नसेल, तर काहीतरी बिनसलंय. फोन फार तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. गेम मध्येच अडकायला लागतो तो बरेचदा याच कारणाने. हे दिवाळीत लक्षात आलं नाही, तर मे महिन्यात नक्की येईल, पण तेव्हा बदलून घ्यायची मुदत कधीच संपलेली असेल.

कॅमेरा दुपारच्या उन्हात सगळ्यांचाच छान असतो. तुमचे खरे फोटो काढले जातात ते गॅदरिंगच्या रात्री, हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली आणि मित्राच्या नोट्सचे, घाईघाईत, हलत्या हाताने. तिथे तपासा. एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर उघडून बघा, म्हणजे एखादा मेलेला ठिपका असेल तर दिसेल. ओल्या बोटाने लॉक उघडतं का, तेही बघा. जूनमध्ये रोज लागणार आहे.

आणि या सगळ्यात काही खोट निघालीच, तर? लेखी तक्रार करा. फोनवर ‘बघतो सर’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर सात दिवस घालवू नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, बिल, खोटीचा व्हिडिओ, तक्रार क्रमांक, सगळं जपून ठेवा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुमच्यासाठी एक फार मोठी सोय केली आहे. विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकता. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. वकील नेमायलाच हवा असंही नाही. वीस हजारांच्या फोनसाठी कोण एवढं करणार, असं वाटतं खरं. पण ‘कोण एवढं करणार’ याच भरवशावर तर खराब माल खपतो.

इथवर फोनची परीक्षा झाली. आता जरा उलट बाजूने बघू. त्याच आठवड्यात फोनही तुमच्याबद्दल आपलं मत बनवत असतो आणि तो तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने बघतो.

पहिला तास आठवा. फोन चालू केला, एकामागून एक स्क्रीन येत गेल्या आणि आपण ‘अलाऊ’, ‘ॲग्री’, ‘नेक्स्ट’ दाबत गेलो. लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट्स, फोटो, जाहिरातींसाठीची आवडनिवड, सगळं देऊन टाकलं. घाई असते, उत्साह असतो, मित्र डोक्यावर उभे असतात. स्वस्त फोनमध्ये बरीच ॲप्स आधीच भरून येतात आणि काही फोनच्या लॉक स्क्रीनवरच जाहिराती झळकतात. फोन या किमतीला परवडतो, त्यामागे हाही एक हिशोब असतो. म्हणजे किमतीचा काही भाग तुम्ही खिशातून देता आणि काही भाग नजरेतून.

हे परत घेता येतं, पण कुणी घेत नाही, कारण पहिल्या आठवड्यात लागलेली सेटिंग्ज पुढे वर्षानुवर्षं तशीच राहतात. म्हणून याच आठवड्यात एक चहा होईपर्यंतचा वेळ काढा. सेटिंग्जमध्ये जाऊन परवानग्यांची यादी उघडा. अँड्रॉइड ११ पासून लोकेशन, माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी ‘फक्त या वेळेपुरती’ देता येते. अँड्रॉइड १२ पासून नेमकं लोकेशन न देता अंदाजे भाग सांगता येतो. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशन पाठवण्यासाठीही तुम्हाला विचारावं लागतं. हवामान सांगणाऱ्या ॲपला तुमचं गाव कळलं तरी पुरे, घराचा दरवाजा कळायची गरज नाही. टॉर्चच्या ॲपला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?

गंमत म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी कॉन्टॅक्ट्स उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना फोन करून बदनामी केल्याची प्रकरणं देशभर घडली आहेत. शेवटी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम करून अशा ॲप्सना कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग आणि फोटो-फायलींना हात लावायला मनाई केली. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असली पाहिजे. कायदा आपल्या बाजूने आहे, पण ‘अलाऊ’वरचा अंगठा आपलाच असतो.

कर्जावरून आठवलं. फोन हप्त्यावर घेतला असेल, तर पहिल्याच आठवड्यात कराराचा कागद वाचा. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज गायब होत नाही. बहुतेक वेळा व्याजाएवढी सूट आधीच किमतीत दाखवली जाते आणि मग हप्त्यांतून व्याज घेतलं जातं. समजा हे व्याज १,८०० रुपये झालं, तर त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२४ रुपये, शिवाय प्रोसेसिंग फी, हे तुमच्या खिशातून जातं. फोनच्या किमतीतही १८ टक्के जीएसटी धरलेला असतोच. २०,००० च्या फोनमध्ये तो साधारण ३,०५० रुपये भरतो. रक्कम छोटी वाटेल, पण मेसच्या बिलाशी तुलना करून बघा. आणि हप्ता बाराव्या महिन्यातही पहिल्याएवढाच असतो. नवलाई तोवर कुठे गेलेली असते, ते तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्द्याचा मुद्दा. फोन किती वर्षं जगणार? स्क्रीन फुटली नाही म्हणजे फोन जिवंत आहे, असं नसतं. कंपनी जोवर सुरक्षेचे अपडेट देते, तोवरच तो बँकेचे व्यवहार करायला सुरक्षित मानायचा. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. दोन्ही महागडे फोन. विद्यार्थ्यांच्या बजेटमधल्या फोनला बरेचदा याच्या निम्मंही आयुष्य मिळत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच फोन लवकर बदलावा लागतो. हा उलटा न्याय कुणाला खटकतच नाही, कारण पहिल्या आठवड्यात हा विषयच निघत नाही.

युरोपियन युनियनने तो काढला. २० जून २०२५ पासून तिथे नवा नियम लागू आहे. त्या प्रकारच्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही तिची ८० टक्के क्षमता शिल्लक हवी आणि दुरुस्तीचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यानंतर सात वर्षं मिळायला हवेत. म्हणजे कंपन्यांना हे जमतं. आपल्याकडे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, हे सांगणारा निर्देशांक असावा, अशी शिफारस केंद्र सरकारच्या समितीने २०२५ मध्ये केली. चांगलंच आहे. पण खोक्यावर मेगापिक्सेल जितक्या मोठ्या अक्षरात छापतात, तितक्याच मोठ्या अक्षरात ‘अपडेट अमुक साला-महिन्यापर्यंत’ असं छापणं सक्तीचं व्हायला हवं. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. वीस हजारांच्या यंत्रावर ती का नसावी?

या प्रश्नाचा एक धागा आपल्या घरातही येतो. नवा फोन तुमच्या हातात आला, मग जुन्याचं काय झालं? बहुतेक घरांत तो आईकडे जातो, नाहीतर गावी आजोबांकडे. ‘तिला काय, व्हॉट्सॲप आणि फोनच तर लागतो!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण आईच्या त्याच फोनवर यूपीआय असतं, बँकेचे ओटीपी येतात, गॅस सबसिडीचा मेसेज येतो. अपडेट बंद झालेला, तुमच्या अकाउंटची निम्मी उष्टी-खरकटी शिल्लक असलेला फोन आपण घरातल्या अशा माणसाच्या हातात देतो, जिला फसवायला ठग टपूनच बसलेले असतात. तेव्हा देण्याआधी तो पूर्ण रिसेट करा, शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा. फार जुना असेल, तर त्यावर बँकेचं ॲप ठेवू नका. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा क्रमांक तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि तो कशासाठी आहे, हे बसून समजावून सांगा. बॅटरी फुगलेली असेल, तर तो फोन कुणालाच देऊ नका, सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

शेवटी एक विनंती. या आठवड्यात फोनबद्दल रील टाकाल, तेव्हा ‘अनबॉक्सिंग’च्या पुढे जा. पैसे घेऊन केलेली शिफारस उघड करावी लागते, असे नियम आपल्याकडे आहेत, तरी कंपनीने पाठवलेला फोन चार दिवस वापरून ‘मस्ट बाय’ सांगणाऱ्यांची कमी नाही. तुम्ही मात्र स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन वापरताय. तुमचं मत जास्त किमतीचं आहे. तेव्हा नीट सांगा, कुठल्या गावात वापरला, कुठल्या सिमवर, बॅटरी किती वाजेपर्यंत टिकली, किती ॲप्स काढून टाकता आली आणि किती निघालीच नाहीत. मग सहा महिन्यांनी पुन्हा सांगा. तुमच्या मागून फोन घेणाऱ्या ज्युनियरला त्या दोन मिनिटांचा उपयोग होईल.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात, की कॅमेऱ्याचा आकडा विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा. अपडेट कुठल्या वर्षापर्यंत? स्क्रीन फुटली तर किती रुपये? आमच्या तालुक्यात, निदान जिल्ह्यात, सर्व्हिस सेंटर आहे का? पहिल्यांदा काउंटरवरचा पोरगा गोंधळेल, बहुतेक मालकाकडे बघेल. एकाच सेलमध्ये पन्नास जणांनी हेच विचारलं, की मालक कंपनीच्या माणसाला विचारेल. कॅमेऱ्याचा आकडा खोक्यावर आला, तो गिऱ्हाईक विचारायला लागलं म्हणूनच.